आरशातली हाक

एका राज्यात मान वर करून चालणारे कुणी उरले नव्हते. कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाने घरोघरी तळहाताएवढे आरसे वाटले होते. त्यांत सात समुद्रांपलीकडची नवले दिसत. एक सरे न सरे तोच दुसरे उमटे. लेकराला भरवता भरवता आईचा हात थांबे. न्यायासनापुढची फिर्याद अर्ध्यावर राही. राजा सुमेधही आरशातच बुडाला होता. राणी कुमुद्वती रोज त्याच्याशेजारी बसून बोले. तो नुसता हुंकार देई. त्या हुंकारावर तिची वर्षे सरली.

एके दिवशी गवाक्षात साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, या मंत्राला उतारा आहे. पूर्वेच्या वनात जा. तीन कामे एकचित्ताने कर. मात्र तुझा आरसा जवळ ठेव."

"तो टाकून का जाऊ नये?"

"टाकणे सोपे आहे, राणी. जवळ ठेवून न पाहणे कठीण."

राणी आरसा कमरेला खोचून निघाली. वनातल्या तळ्यात एक कळी होती. ती उमलेपर्यंत नजर ढळू द्यायची नव्हती. कमरेचा आरसा गुणगुणला, राणीने खाली पाहिले, उमलू लागलेली कळी मिटली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. मग मात्र ती दात आवळून बसली, आणि फूल उमलले.

पुढे एक शिळा झालेली यक्षिणी होती. तिची कहाणी शेवटपर्यंत ऐकायची होती. यक्षिणी एक शब्द बोले आणि प्रहरभर थांबे. राणीने एकही शब्द निसटू दिला नाही.

तिसरे काम म्हणजे तळ्याकाठी काहीच न करता बसायचे, पाणी निवळून तळ दिसेपर्यंत. तळ दिसू लागला, तेव्हा आरशातून राजाचा आवाज आला.

"कुमुद, माझ्याकडे बघ."

या हाकेसाठी ती किती वर्षे झुरली होती! हात कमरेकडे गेला. तिथेच थांबला.

"माझा राजा आरशात नाही," ती हळूच म्हणाली, आणि पाण्याकडे पाहत राहिली.

तळ दिसला. त्याच क्षणी राज्यातले सारे आरसे काळे पडले आणि कालजिव्ह वटवाघूळ होऊन डोंगरापार गेला. आयांनी लेकरांच्या तोंडी घास दिला. अडलेली फिर्याद पुढे चालली.

राणी महाली परतली. राजाने मान वर केली. तिच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"आपण पाहत नव्हता तेव्हा, महाराज."

राजाचे डोळे भरून आले. "मग सारे सांग. पहिल्यापासून."

राणी सांगू लागली. काही बोलणी इतकी जुनी झाली होती की तिचीच तिला आठवेनात. तेवढ्यापुरती ती थांबे, आणि राजा वाट पाही.