तळहातावरच्या कृत्तिका

"काल रात्री किती दिसल्या?" मेमे-लेंनी विचारलं.

"अकरा," रिसबूडसर म्हणाले.

प्रश्न कृत्तिकांचा होता. उत्तर खोटं होतं.

लडाखच्या पूर्व टोकाला, थंड वाळवंटातलं ते साठ-सत्तर घरांचं गाव. पलीकडच्या टेकडीवर वेधशाळेचे पांढरे घुमट. दुर्बिणींना उजेडाचा त्रास नको म्हणून गावात रस्त्यावर एकही दिवा नाही. दिवस मावळला की घरोघरी खिडक्यांवर जाड काळे पडदे ओढले जातात. असा अंधार आपल्याकडे आता उरलेला नाही. तो शोधत माणसं फार लांबून येतात.

श्रीधर रिसबूड साताऱ्याहून आले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गेली तीस वर्षं दर अमावास्येला ते मुलांना पठारावर नेऊन आकाश दाखवत. त्यांच्या नजरेचं साताऱ्यात कौतुक होतं. कृत्तिकांच्या पुंजक्यात चारचौघांना सहा तारे दिसतात. सर नुसत्या डोळ्यांनी अकरा मोजत. हे ते स्वतःही सांगत, कुणी विचारलं नाही तरी.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. अंधारातली नजर आधी जाईल, डॉक्टर म्हणाले, दिवसाची मागून. सरांनी घरात कुणालाही हे सांगितलं नाही. एकदा खऱ्या अंधारात कृत्तिका मोजून घ्यायच्या एवढं मनाशी ठरवलं आणि एकटेच निघाले.

पहिले दोन दिवस विरळ हवेने डोकं धरून पडून राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वेधशाळेत एका तंत्रज्ञाने त्यांना संगणकावर त्याच कृत्तिका दाखवल्या. शेकड्यांनी तारे होते. सरांनी पाहिले, आभार मानले. ते त्यांचे नव्हते.

त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं. सर अंगणात दोन तास उभे राहिले. कृत्तिका जिथे असायला हव्यात तिथे एक फिकट डागसुद्धा नव्हता.

सकाळी चहा देताना घरमालकीण डोल्करने विचारलं, आणि सर म्हणून गेले, अकरा. तिला मनापासून आनंद झाला. हे मेमे-लेंना सांगायलाच हवं, ती म्हणाली. बाहेरून आलेल्या माणसाने काय पाहिलं ते ऐकायला त्यांना फार आवडतं. मेमे-ले म्हणजे आजोबा. टेकाडावरच्या गोम्पातल्या, म्हणजे मठातल्या, म्हाताऱ्या लामांना सारं गाव याच नावाने हाक मारतं. नाही म्हणायला सरांना कारण सुचलं नाही.

डोल्कर स्वतः त्यांना वर गोम्पात घेऊन गेली. हे मास्टरजी, कृत्तिका मोजायला आलेत, अशी ओळख करून दिली आणि कामाला खाली निघून गेली.

मेमे-ले भिंतीला टेकून उन्हात बसले होते. बर्फावरच्या चकाकीने त्यांचे डोळे नऊ वर्षांपूर्वीच गेले होते. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं पांढरं.

"अकरा," ते हळूच म्हणाले. "मी कधीच सातांच्या पुढे गेलो नाही... मला दाखवा."

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"मला त्याने काय फरक पडतो?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहात वर.

सर क्षणभर घुटमळले. मग वाटलं, या माणसाला काय कळणार आहे. ते शेजारी बसले आणि त्या सुरकुतलेल्या तळहाताच्या मधोमध त्यांनी बोट टेकवलं.

"ही सगळ्यांत ठळक. हिचं नाव अंबा."

मेमे-लेंनी मान हलवली.

"आता एक छोटी पळी डोळ्यांपुढे आणा. अंबा कुठे, तर दांडा पळीला जुळतो तिथे. पळीचे उरलेले तीन कोपरे हे... दोन, तीन, चार. चौथीच्या जरा पलीकडे ही पाचवी. आणि दांड्याच्या टोकाला सहावी. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं."

"पुढे?"

"पुढे तयार नजर लागते."

सरांचा आवाज बदलला होता. पठारावर मुलांसमोर निघायचा तसा निघत होता. बोटाला विचारावं लागत नव्हतं.

"सहावीला अगदी चिकटून एक बारीकशी आहे. ती सातवी. तिच्याकडे सरळ बघायचं नाही. थोडं बाजूला बघायचं... मग ती येते."

मेमे-लेंनी मान किंचित बाजूला वळवली. कपाळावर आठ्या आल्या. ते थांबले. आणि मग हळूहळू त्या आठ्या उलगडल्या.

ते पाहून सरांचं बोट जागच्या जागी थांबलं.

"मेमे-ले..."

"हं."

"मी खोटं बोललो. काल मला एकही दिसली नाही."

मग ते बोलतच राहिले. आजाराचं सांगितलं. बायकोला, मुलाला अजून ठाऊक नाही हेही सांगितलं. येत्या अमावास्येला चाळीस मुलं पठारावर वाट बघतील, म्हणाले. त्यांना काय तोंड दाखवू? परत गेलो की हे सगळं बंद करून टाकणार आहे. ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याने दुसऱ्यांना काय दाखवायचं? आजवर एवढा तोरा मिरवला, आणि इथे येऊन एका भल्या बाईशी खोटं बोललो, तुमच्याशीही.



खालच्या शेतात जव झोडपत होते. त्याचा आवाज वर येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.



सरांनी बोट उचललं. डोळे पुसले. माफ करा, असं काहीसं पुटपुटत ते उठून उभे राहिले.

म्हाताऱ्याचा हात तसाच पुढे होता. उघडा.

"सात झाल्या, मास्टरजी," मेमे-ले म्हणाले. "आठवी कुठे आहे?"