निवू दिलेला जोड

एकदा एका वयोवृद्ध धातुशास्त्रज्ञाकडे मोठ्या जबाबदारीचे काम आले. खोल समुद्राच्या तळाशी माणसांना घेऊन जाणारा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा एक गोल तयार करायचा होता. गोलाचे दोन अर्धे भाग तयार होते. ते एकमेकांना जोडायचे होते. जोड उकलला, तर आत बसलेले कोणी परत येणार नव्हते. त्या धातुशास्त्रज्ञांनी, त्र्यंबकराव मुळ्ये यांनी, हे काम आपल्या शिष्येवर, केतकी साखळकर हिच्यावर सोपवले.

टायटॅनियम तापले की हवा शोषून घेते आणि ठिसूळ होते. म्हणून हवा काढून घेतलेल्या बंद कक्षात, इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने ते जोडावे लागते. केतकीचे सरावाचे कितीतरी तुकडे निळे पडले, वाया गेले. कधी कडा पुसण्यात हयगय झाली होती, कधी कक्षात हवेचा अंश राहिला होता. ती चिवटपणे मागे लागली आणि अखेर गोल सांधला गेला. जोड चांदीसारखा लखलखत होता. काठिण्य मोजले, तर ते मूळ धातूहूनही जास्त भरले. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले.

मुळ्येसरांनी पेढा खाल्ला आणि गोल निर्वात भट्टीत ठेवायला सांगितले.

केतकीला काही उमजेना. झालेले काम पुन्हा तापवायचे कशासाठी? गोल किंचित जरी वाकडा झाला, तरी सगळे मातीमोल. तिने परोपरीने विनवले. सरांनी ऐकून घेतले, पण आपला शब्द बदलला नाही. त्यांनी सरावात चांगल्या जोडल्या गेलेल्या पट्ट्यांपैकीही काही गोलासोबत आत ठेवल्या. भट्टी हळूहळू तापली, तशीच हळूहळू निवली. गोलाचा आकार तसूभरही बिघडला नव्हता, पण जोडाचे काठिण्य उतरले होते. कमावलेले हातचे गेले, असे वाटून केतकीचा चेहरा पडला.

सर तिला चाचणीयंत्रापाशी घेऊन गेले. भट्टीत न गेलेली पट्टी त्यांनी वाकवायला लावली. थोडी वाकली न वाकली, तोच जोडावर तडकली. मग भट्टीतली पट्टी लावली. ती घोड्याच्या नालासारखी वळली. जोडावर ओरखडासुद्धा उमटला नाही. दुसरी पट्टी त्यांनी दोन्ही टोकांना धरून ताणायला लावली. ताण वाढत गेला, आवाज झाला आणि पट्टी तुटली. केतकीने वाकून पाहिले. जोडाच्या बाजूचा सलग धातू तुटला होता. जोड जागच्या जागी शाबूत होता.

तिने ते तुकडे उचलून हातात घेतले. मग सर म्हणाले, "झोत क्षणात वितळवतो आणि पुढे निघून जातो. मागे राहिलेला धातू घाईघाईनं थिजतो. तो कठीण होतो खरा, पण आतून ताणलेला राहतो. शेजारचा धातू भाराखाली थोडा वाकतो. याला वाकताच येत नाही, म्हणून हा तुटतो. भट्टीत आपण त्याला सावकाश निवायला वेळ दिला, एवढंच. तुझा जोड उत्तमच होता, केतकी. आता तो भोवतालच्या धातूशी मिळून भार घेईल."

पहिल्या मोहिमेसाठी आत बसणाऱ्यांत केतकीने स्वतःहून आपले नाव दिले. गोल खाली उतरत गेला. सूर्यप्रकाश कधीही पोहोचत नाही तिथे, सगळ्या समुद्राचे ओझे अंगावर घेऊन तो तळाला टेकला. केतकीने जोडावरून हात फिरवला. तो गार होता, कोरडा होता. वर जहाजावर तिचा स्पष्ट आवाज पोहोचला, "सर, आम्ही तळाशी आहोत. सगळं ठीक आहे."

जहाजावर एकच जल्लोष झाला. मुळ्येसरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

दोन माणसे नव्याने एकत्र आली, की त्यांच्याकडून भक्कमपणाची अपेक्षा करण्याआधी त्यांना थोडे निवू द्यावे.