राखलेली फांदी

त्या डोंगरावर माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पिंगी वानरी आपल्या वर्षाच्या लेकीला पोटाशी धरून, दीर भुऱ्यासोबत पलीकडच्या जांभळाकडे निघाली होती. अर्ध्या वाटेत लेक डोळे चोळू लागली, तशी पिंगी सावलीत टेकली.

"वहिनी, एक दिवस नाही झोपली तर काय बिघडेल?" भुऱ्या करवादला. "उलट संध्याकाळी लवकर झोपेल. तोवर दुसरी टोळी झाड साफ करील!"

"परवा तेच केलं होतं, भावोजी. दमून इतकी रडली, की कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही व्हा पुढे."

भुऱ्या बडबडत निघून गेला.

लेक मनसोक्त झोपली आणि हसतच उठली. पिंगी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दुसऱ्या टोळीने झाड ओरबाडून नेलं होतं. एकच फांदी जांभळांनी लगडलेली होती, आणि तिच्यावर ओरखडलेला भुऱ्या ठाण मांडून बसला होता.

"आलात एकदाच्या?" तो म्हणाला. त्याची जीभ जराही जांभळी झालेली नव्हती.

पिंगीचे डोळे भरून आले. "भावोजी, तुम्ही अजून..."

"आधी तिला भरवा," भुऱ्या तोंड फिरवून गुरगुरला, "आणि आटपा लवकर. तिच्या झोपेच्या वेळेला घरी पोचायचंय."