येणारी गाडी

"दसऱ्याला येईल, की थेट पाडव्याला? तुम्हाला काय वाटतं, मास्तर?"

शार्दूल घोरपडेनं मोबाइल पुढे केला. अजून बाजारात न आलेल्या गाडीचा, कंपनीच्या डोंगरातल्या चाचणीत कुणीतरी चोरून टिपलेला फोटो होता. दोन दारांची, बुटकी, ओळखू येऊ नये म्हणून अंगभर काळंपांढरं आवरण चिकटवलेली गाडी.

खर्डेकर मास्तरांनी तो नीट पाहिला. एके काळी घाटातल्या शर्यतीला मास्तर उतरले, की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायचे. आता ते कागलजवळच्या माळावर शर्यतीची गाडी हाकायला शिकवत.

"ऐटबाज आहे," ते म्हणाले.

शार्दूलला तेवढंच निमित्त पुरलं.

"आधी चार दारांची सेडान येणार, मागून ही दोन दारांची कूपे. दिवे बघा, विक्रीच्या गाडीचेच बसवलेत, हे आता बदलायचे नाहीत. म्हणजे फार लांब नाही. माझा अंदाज आजवर चुकलेला नाही, मास्तर. पोरं मला विचारून गाडी घ्यायची थांबतात." बोलता बोलता त्याला धाप लागली. "ही आली की घाटात उतरतोच. पहिल्याच वर्षी शर्यत मारतो का नाही बघा."

"मागच्या वर्षी का नाही उतरलास?"

"तेव्हा दुसरी येणार होती..."

शार्दूलनं मोबाइल खिशात घातला. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू यावं, तसं झालं त्याला.

मास्तर उठले. पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी गाडी उभी होती, दोन्ही बाजूंनी चेपलेली. त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. मग खांद्यावरचा पंचा काढून वेगाच्या काट्यावर टाकला.

"मास्तर, वेग किती ते कळणार कसं?"

"कळेल."

पहिल्या वळणावर शार्दूलनं फार लवकर ब्रेक दाबला. गाडी रडत रडत वळली. मास्तर समोर बघत राहिले.

दुसऱ्या फेरीत त्यानं थोडा धीर धरला.

तिसऱ्या फेरीत मागची चाकं सुटली. लाल धुळीत काही दिसेना. त्यानं स्टिअरिंग उलटं फिरवलं, श्वास रोखला... आणि गाडी सरळ झाली. सरळ होऊन सुसाट निघाली.

शार्दूल मोठ्यानं हसला. असं हसून त्याला किती काळ लोटला होता, कोण जाणे.

शेडपाशी गाडी थांबली, तरी त्यानं स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"ती मागून सरकली ना, तेव्हा वाटलं..." तो मास्तरांकडे वळला. "यंदा... हिलाच घेऊन उतरलो तर?"

मास्तर खाली उतरले.

"मास्तर, मला जमेल?"

मास्तरांनी वाकून मागच्या चाकावर तळहात ठेवला.

"टायर गरम आहेत, आता पकड धरतील. एकटा जा."