सखाहरीचा सवाल

“मग त्याचा सवाल कुठं गेला?” मौलाबुवांनी विचारलं.

“सवाल बंद, वस्ताद. जत्रेच्या कमिटीनंच बंद केला.” त्यांचा चेला केरबा धावत आला होता. धापा टाकत होता, पण हसू काही तोंडात मावत नव्हतं. “सखाहरी गप्प बसलाय एका कडेला. आपण जिंकलो.”

मौलाबुवा डफ शेकत होते. निखाऱ्यावर चामडं धरायचं, बोटाने टिचकी मारून बघायची, पुन्हा धरायचं.

“जिंकलो... कुणाशी?”

केरबाला हे ऐकूच आलं नाही. आनंदात माणसाला असे प्रश्न ऐकू येत नसतात.

आणि आनंद होण्यासारखंच होतं. मौलाबुवा तुऱ्याच्या फडाचे शाहीर, शंकराची बाजू गाणारे. सखाहरी कलगीच्या फडाचा, देवीची बाजू गाणारा. माळवाडीच्या जत्रेत दोन्ही फड समोरासमोर बसायचे. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. ज्याला जवाब येणार नाही, त्याने आपल्या डफावरचं निशाण सोडून समोरच्याच्या हाती ठेवायचं. मौलाबुवांच्या डफावरचा तुरा आजवर कधी सुटला नव्हता. आज जत्रा संपली की ते तो स्वतःच्या हाताने सोडून केरबाच्या डफाला बांधणार होते. तसं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं. केरबाने त्यासाठी नवा फेटासुद्धा आणला होता.

मधे आला तो सखाहरीचा सवाल.

काल विहिरीपाशी कलगीवाल्यांची तालीम चालली होती. केरबाने ती आडून ऐकली. सवाल थेट मौलाबुवांवर होता. मशिदीत वाकणारा हा शाहीर डफावर शंकर गातो; त्याचा खरा देव कोणता? की दोन्ही खोटे?

केरबा काही हातावर हात ठेवून बसणारा गडी नव्हता. देवळाच्या आळीत जाऊन त्याने सांगितलं, सखाहरी शंकराला खोटा म्हणणार आहे. तिथून मशिदीच्या आळीत गेला आणि सांगितलं, तो अल्लाला खोटं म्हणणार आहे. सवाल प्रत्येकीकडे अर्धाच पोहोचला, पण तेवढ्याने भागलं. पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन आळ्या सकाळी हातात काठ्या घेऊन एकाच मांडवात बसल्या. दोघींच्याही भावना दुखावल्या होत्या. गावात एवढी एकी कोणी पाहिली नव्हती.

“तुझ्याबी भावना दुखावल्या का रं?” बुवांनी विचारलं.

“दुखावणारच की. तुमच्या इमानावर बोलतोय त्यो. तुमाला न्हाई दुखलं?”

“सवाल कसा हाय? पुरा सांग.”

“असलं तोंडातनं कसं काढू, वस्ताद?”

“काढ.”

केरबाने मान खाली घालून, पुटपुटत, चारही ओळी सांगितल्या.

मौलाबुवांचा हात जागच्या जागी थांबला. चामडं करपायला लागलं, तेव्हा केरबानेच डफ ओढून बाजूला घेतला.

“दुखलं,” बुवा म्हणाले. “लई दुखलं...”

केरबाला बरं वाटलं. आता वस्ताद पाठीवर थाप मारतील, असं त्याला वाटलं.

बुवा उठले. डफ काखेत मारला.

“चल.”

माळावर ही गर्दी. कमिटीचे अध्यक्ष माईक धरून उभेच होते. कडेला सखाहरी मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दांडगट पोरं.

“तर मंडळी,” अध्यक्ष म्हणाले, “यंदाचा मान तुऱ्याच्या...”

बुवांनी माईकवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने डफावर थाप मारली आणि डोळे मिटून गायला लागले.

पाच वेळा वाकशी ज्याला, त्याला नाही रूप,
डफावरती गाशी ज्याला, त्याला जटा खूप...

मांडव ताडकन उठून उभा राहिला. कोणीतरी माईक बंद केला. बुवांना त्याने काय फरक पडणार? माईक गावात यायच्या आधीपासून ते गात होते.

एक खरा तर दुजा खोटा, की दोघेही भास?
सांग तुऱ्याच्या शाहिरा, तू कोणाचा रे दास?

काठ्या वर गेल्या आणि वरच राहिल्या. मारायचं कोणाला? शिवी ज्याला होती, तोच ती गात होता. देवळाची आळी मशिदीच्या आळीकडे बघायला लागली, मशिदीची आळी देवळाच्या. पुरा सवाल दोघींनीही आत्ताच ऐकला होता.

तेवढ्यात कडेवरून आवाज आला.

“बुवा, चाल चुकली.”

सखाहरी उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक, पण कानाला सहन झालं नव्हतं बिचाऱ्याच्या.

“तिसरी ओळ वर चढती. तुमी खाली उतरलात.”

“आसं व्हय...” बुवांनी आपला डफ त्याच्यापुढे धरला. “मग तूच म्हण.”

सखाहरीने तुऱ्याकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं. मग डफ घेतला. कलगीचा शाहीर तुऱ्याच्या डफावर गायला उभा राहिला. असं कधी घडलंच नव्हतं.

आणि काय गायला तो. पहिल्या ओळीला आवाज थरथरत होता, दुसरीला मोकळा झाला, तिसरी ओळ अशी वर चढली की केरबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. चौथीला तर तुऱ्याच्याच साथीदारांनी, आपण कोणाचे आहोत हे विसरून, मागून सूर धरला. केरबाने त्यांना गप्प करायला तोंड उघडलं, आणि बघतो तर त्याचेही ओठ तीच ओळ म्हणत होते. मेल्याने सवाल बांधला होता मात्र झकास.

सवाल संपला.

काठ्या कधी खाली आल्या ते कळलं नाही. मशिदीच्या आळीतले एक म्हातारे काठीवर हनुवटी टेकून पुढे वाकले. देवळाचे पुजारी खुर्चीच्या टोकावर आले.

“बुवा,” पुजारी म्हणाले, “जवाब?”

सगळ्यांना जवाब हवा होता. सवाल बंद पाडायला आलेल्यांना तर सगळ्यात जास्त घाई झाली होती.

मौलाबुवा उभे होते... डोळे मिटलेले, ओठ हलत होते. एकदा हात वर उचलला, तसं सगळ्यांनी श्वास रोखला. हात पुन्हा खाली आला.

“येत न्हाई,” ते म्हणाले.

त्यांनी सखाहरीच्या हातातल्या डफावरचा तुरा सोडला. गाठ जुनी होती, सुटता सुटत नव्हती. सखाहरी मागे सरकला, नको नको म्हणाला. बुवांनी तुरा त्याच्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

“लई दिसांनी कुणीतरी विचारलं, बाबा,” ते सखाहरीला म्हणाले.

मग काय विचारता. माळावर एकच गलका उठला. कोणी बुवांच्या बाजूने जवाब जुळवत होतं, कोणी सखाहरीच्या बाजूने तो खोडत होतं. पुजारी आणि ते म्हातारे तर बाकावर बसून एकमेकांना हातवारे करून काही समजावत होते.

केरबा तेवढा उभा होता, नव्या फेट्यात, रिकाम्या हातांनी. त्याला रडू फुटत होतं, आणि डोक्यात ती तिसरी ओळ घुमायची थांबत नव्हती. त्याचाही त्याला राग येत होता.

तो बुवांपुढे जाऊन उभा राहिला.

“तुमाला ठावं होतं? जवाब येत न्हाई त्ये?”

“तू सांगितलास तवाच.”

“आन तरी गायलात?”

“गायलो.”

“त्यो गप बसला होता, वस्ताद. आपल्यापुढं त्याचं काय चालणार होतं? तुरा माजा होता...” त्याने फेट्याला हिसका दिला. “जवाब येत नव्हता, तर त्याला गाऊ कशापायी दिलं?”

मौलाबुवांनी हात लांबवून त्याचा कललेला फेटा नीट केला.

“जवाब येत असता, केरबा... तर तूबी त्याला गाऊ दिलं असतंस.”