हॉर्न थांबेना, पिल्लू झोपेना

ओढ्यावर एक पूल होता. छोटासा, चिंचोळा पूल. पुलाच्या टोकाला करंजाचं झाड होतं. झाडावर राहायची एक खार. तिचं नाव झुपकी.

झुपकीला एक पिल्लू होतं. इवलंसं, गुलाबी नाकाचं. कालच त्याने डोळे उघडले होते.

दुपार झाली. पिल्लू दूध प्यायलं. पोट टम्म झालं. डोळे मिटायला लागले. आता झोपणार, झोपणार, इतक्यात...

पीं पीं! पीं पीं पीं!

पिल्लू दचकलं. झोप पळाली! पिल्लू थरथर कापायला लागलं. चिक् चिक् रडायला लागलं.

"रडू नको, सोन्या," झुपकी म्हणाली. "मी बघून येते हं."

तिने पिल्लाला कापसात गुंडाळलं. आणि झाडावरून उतरली.

सुळुक सुळुक सुळुक!

खाली होती स्कूटर. स्कूटरवर होती मंजिरीताई. तिचा अंगठा होता हॉर्नवर.

पीं पीं पीं!

"मंजिरीताई, मंजिरीताई, हॉर्न वाजवू नकोस ना!
पिल्लू माझं झोपेना!"

"मी नाही थांबणार," मंजिरीताई म्हणाली. "पुढे रिक्षा अडलीये. रिक्षा पळू दे, मग मी गप्प होईन."

झुपकी पुलाच्या कठड्यावर चढली. रस्त्यात नाही हं, कठड्यावर. आणि गेली पुढे.

सुळुक सुळुक सुळुक!

रिक्षात होते रशीदचाचा. हॉर्न वाजवत होते.

पँक पँक पँक!

"रशीदचाचा, रशीदचाचा, रिक्षा पळवा ना!
रिक्षा पळेना,
स्कूटर गप्प होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"कशी पळवू, बेटी?" रशीदचाचा म्हणाले. "पुढे टेम्पो अडलाय. टेम्पो सरकू दे, मग रिक्षा पळेल."

झुपकी गेली पुढे.

सुळुक सुळुक सुळुक!

टेम्पोत होते कोबीचे गड्डे. गड्डेच गड्डे! आणि पुढे बसले होते येसूमामा. ते पण हॉर्न वाजवत होते.

पॅपॅ पॅपॅ पॅपॅ!

"येसूमामा, येसूमामा, टेम्पो सरकवा ना!
टेम्पो सरकेना,
रिक्षा पळेना,
स्कूटर गप्प होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"सरकवू कुठे, बाई?" येसूमामा म्हणाले. "पुढे बस अडलीये. बस निघू दे, मग टेम्पो सरकेल."

झुपकी गेली पुढे.

सुळुक सुळुक सुळुक!

बस होती लालेलाल. मोठ्ठीच्या मोठ्ठी! बस चालवत होती शेवंताताई. तिचा हॉर्न तर सगळ्यांत मोठा.

भोंऽऽ! भोंऽऽ!

झुपकीची शेपटी अशी फुलली! तिने कानांवर हात ठेवले. पण ती पळाली नाही.

"शेवंताताई, शेवंताताई, बस पुढे ने ना!
बस निघेना,
टेम्पो सरकेना,
रिक्षा पळेना,
स्कूटर गप्प होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"मी तरी काय करू गं?" शेवंताताई म्हणाली. "पुढे म्हैस उभी आहे. म्हैस हलू दे, मग बस निघेल."

झुपकी गेली पुढे.

सुळुक सुळुक सुळुक!

पुलावर उभी होती म्हैस. काळीभोर, जाडजूड. जागची हलत नव्हती.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, जरा हल ना!
म्हैस हलेना,
बस निघेना,
टेम्पो सरकेना,
रिक्षा पळेना,
स्कूटर गप्प होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"मी नाही हलणार," म्हैस म्हणाली. "माझं पारडू खाली बसलंय. बाळाला टाकून मी जाऊ कशी? पारडू उठू दे, मग मी हलेन."

झुपकीने वाकून पाहिलं. खरंच की! म्हशीच्या पलीकडे, तिच्या पायांशी, एक पारडू बसलं होतं. छोटंसं पारडू. डोळे गच्च मिटलेले.

झुपकी त्याच्या कानाशी गेली.

"पारडूबाळा, पारडूबाळा, आता ऊठ ना!
पारडू उठेना,
म्हैस हलेना,
बस निघेना,
टेम्पो सरकेना,
रिक्षा पळेना,
स्कूटर गप्प होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"मी नाही उठणार," पारडू म्हणालं. "मला भीती वाटते. मागून कोण ओरडतंय? माझे पाय कापतायत. आवाज थांबू दे, मग मी उठेन."

झुपकी बघतच राहिली. पारडू थरथर कापत होतं. अगदी तिच्या पिल्लासारखं.

झुपकीने त्याच्या नाकावरून शेपटी फिरवली. हळूच, मऊमऊ.

"घाबरू नको हं," ती म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना."

आणि झुपकीने मारली उडी. थेट बसच्या काचेसमोर. टप्!

"शेवंताताई! पुढे पारडू आहे! तुमच्या सगळ्यांच्या हॉर्नला घाबरलंय! आवाज थांबला, तरच ते उठेल!"

शेवंताताईने मान उंच केली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अगंबाई! एवढंसं बाळ! मला म्हशीआड दिसलंच नाही."

तिने हॉर्नवरचा हात काढला. भों भों थांबलं. मग ती खिडकीतून मागे वळली. ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ! पुढे बाळ घाबरलंय."

येसूमामांनी ऐकलं. पॅपॅ थांबलं.

"शूऽऽ! पुढे बाळ घाबरलंय."

रशीदचाचांनी ऐकलं. पँक पँक थांबलं.

"शूऽऽ! पुढे बाळ घाबरलंय."

मंजिरीताईने ऐकलं. तिने अंगठा उचलला. पीं पीं थांबलं.

पूल शांत झाला. किती शांत! खालून ओढा वाहत होता. झुळझुळ, झुळझुळ. आता तोही ऐकू यायला लागला.

पारडाने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. एक पाय टेकला. दुसरा पाय टेकला. आणि...

पारडू उठलं!
पारडू उठलं, म्हैस हलली.
म्हैस हलली, बस निघाली.
बस निघाली, टेम्पो सरकला.
टेम्पो सरकला, रिक्षा पळाली.
रिक्षा पळाली, स्कूटर चालली. गप्प गप्प चालली!

झुपकी परत कठड्यावर आली होती. मंजिरीताईने तिच्यापाशी स्कूटर जरा थांबवली.

"झुपकी, चुकलं गं माझं," ती हळूच म्हणाली. "पुढे काय झालंय, ते मी पाहिलंच नाही. नुसती पीं पीं करत बसले."

"जाऊ दे, ताई," झुपकी म्हणाली. "आता माझं पिल्लू झोपेल ना!"

पुलापलीकडे एक वळण होतं. वळणावर बस गेली. तिथे शेवंताताईने हॉर्न वाजवला.

भों.

एकदाच. अगदी छोटासा. वळणामागे कुणी असेल, तर त्याला कळायला नको का? कळलं, की पुरे. मग बस वळली आणि दिसेनाशी झाली.

झुपकी धावत सुटली. कठड्यावरून झाडावर, झाडावरून घरट्यात.

सुळुक सुळुक सुळुक!

कापसातून गुलाबी नाक बाहेर आलं.

"आई, ओरडणारं गेलं?"

"गेलं, सोन्या. सगळे गेले घरी."

पिल्लाने एक मोठ्ठी जांभई दिली. आईच्या पोटाशी शिरलं. आणि झोपलं सुद्धा!

"हुश्श!" झुपकी म्हणाली. आणि पिल्लावर शेपटी पांघरून तीही झोपली.