दाजीसाहेबांची भरती

परदेशात नगररचना शिकून आलेल्या ऋजुताला वाटलं होतं, गावच्या आराखड्यावर नगरपंचायतीत घनघोर वाद रंगेल. प्रत्यक्षात तिथे भजी रंगली होती. ठराव होता, किनाऱ्यावरची मासळी वाळवायची जागा आराखड्यातून काढून तिथे बंगले बांधायचा. ऋजुता अर्धा तास तळमळून बोलली. सदस्यांनी चटणी मागितली.

मग नगराध्यक्ष दाजीसाहेब उठले. "अगं पोरी, बंगले होऊ देत, मोठी भरती होईल! रखवालदार, माळी, स्वयंपाकी..." टाळ्या पडल्या.

मागून चांगुणाकाकी उठली. त्याच जागेवर तिचे बोंबील वाळत. "होईल तर! दर पुनवेला होतेच की. गुडघाभर."

सभागृहात हशा उसळला. दाजीसाहेब लालबुंद झाले. "मग काय समुद्राची परवानगी काढू?"

"नको बाबा. तो कधी हरकत नोंदवत नाय, सरळ घरात शिरतो."

हसता हसता मतदान राहिलं आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताने ठरवलं, आता भाषण नाही, एकच अर्ज: पुढची सभा त्याच जागेवर घ्यावी, पुनवेला, ऐन भरतीच्या वेळी, आणि दाजीसाहेबांची खुर्ची सगळ्यात पुढे मांडावी.